हृदय बंद पडलं तर गाडी काढू नका, गुडघ्यांवर बसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातला बॅडमिंटनचा एक ग्रुप, रोज सकाळी साडेसहाला खेळणारे पंधरा-सोळा जण, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्यातला ५२ वर्षांचा मित्र खेळता खेळता कोसळला. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी तळपाय चोळले, मग चौघांनी उचलून गाडीत घातलं आणि पंधरा मिनिटांत हॉस्पिटल गाठलं. तिथे ‘आणण्यापूर्वीच मृत्यू’ असं सांगण्यात आलं. आता ग्रुप विचारतोय: आमचं काही चुकलं का? वर्गणी काढून एईडी मशीन (बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं) घ्यायचं ठरतंय, पण आमच्यात डॉक्टर एकही नाही, तर ते आम्हाला वापरता येईल का? चुकीच्या माणसाला शॉक बसला किंवा छाती दाबताना बरगडी मोडली तर पोलिस केस होईल का? आणि शेवटी एक ओळ: मशीन हॉलच्या ऑफिसातल्या कपाटात सुरक्षित राहील, किल्ली मॅनेजरकडे असते.

मी भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं थिएटर आणि आयसीयूत गेली आणि त्यातली निम्मी वर्षं रविवारच्या रविवार साखर कारखाने, एसटी डेपो, शाळा, तालमी अशा ठिकाणी छाती दाबायला शिकवण्यात गेली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत.

हो, चुकलं. पण तुमच्या जागी कुणीही असतं तरी हेच चुकलं असतं. माणूस पडला की उचलायचा आणि न्यायचा, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. साप चावल्यावर, बाळंतपणात हेच बरोबर असतं. हृदय बंद पडणं हा असा प्रसंग आहे, जिथे ‘आधी न्यायचं’ ही सवयच घात करते. पंधरा मिनिटांत तुम्ही हॉस्पिटल गाठलंत, म्हणजे गाडी जोरातच हाणली असणार. पण त्या पंधरा मिनिटांत त्याच्या मेंदूला रक्ताचा एक थेंब पोचत नव्हता, आणि मेंदूची हानी चार-सहा मिनिटांतच सुरू होते. ज्या चौघांनी त्याला उचललं, तेच चौघे तिथल्या तिथे पुरेसे होते. एकाने छाती दाबायची, दुसऱ्याने १०८ लावायचा, तिसऱ्याने फाटकावर उभं राहायचं, चौथ्याने दोन मिनिटांनी पहिल्याची जागा घ्यायची.

तसं केलं असतं तर तो आज असता का? ते मी सांगू शकत नाही आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेसारख्या ठिकाणीसुद्धा हॉस्पिटलबाहेर हृदय थांबलेल्या दहा माणसांपैकी साधारण एकच बरा होऊन घरी परततो. पण याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २००० साली अमेरिकेतल्या जुगारघरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या सुरक्षारक्षकांना छाती दाबायला आणि मशीन लावायला शिकवलं होतं. कॅमेरे सगळीकडे, त्यामुळे माणूस पडला की लगेच दिसायचा. लोकांसमोर कोसळलेल्या आणि हृदय थरथरत असलेल्या ज्या माणसांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के वाचले. तीन मिनिटांनंतर मिळाला त्यांच्यातले ४९ टक्के. आणि शॉक देणारे डॉक्टर नव्हते, सिक्युरिटीवाले होते! तुमचा हॉल त्या जुगारघरासारखाच आहे: बंद जागा, ओळखीची माणसं, पडलेला माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

आता ‘हृदय थरथरत असलेल्या’ म्हणजे काय, ते सांगते. आपण हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. अटॅकमध्ये हृदयाला रक्त देणारी नळी तुंबते. माणसाच्या छातीत दुखतं, घाम फुटतो, पण तो शुद्धीवर असतो, बोलतो. त्याला मात्र जरूर न्यायचं, आणि लवकर न्यायचं. अरेस्ट म्हणजे हृदयाचं रक्त ढकलण्याचं कामच बंद. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण इतरही कारणं असतात. अचानक कोसळणाऱ्या मोठ्या माणसांत सुरुवातीला बरेचदा हृदय थांबलेलं नसतंच, त्याचा ताल मोडलेला असतो. ढोलपथक डोळ्यांसमोर आणा. ताशा चुकला आणि पन्नास ढोलवाले आपापल्या मनाने बडवायला लागले, तर गोंगाट भरपूर, ठेका शून्य. हृदयाच्या स्नायूंचं तसंच होतं. प्रत्येक तंतू आकसतोय, पण एकत्र नाही, म्हणून रक्त पुढे सरकत नाही. शॉक म्हणजे पथकप्रमुखाची शिट्टी. एका क्षणात सगळे गप्प. मग ताशा पुन्हा सुरू होतो आणि त्याच्यामागे ढोल. मालिकांमध्ये सरळ रेष आली की डॉक्टर शॉक देताना दाखवतात, ते साफ चूक आहे. कुणी वाजवतच नसेल तर शिट्टी कुणासाठी? सरळ रेष असेल तर मशीन शॉक देतच नाही.

हा गोंगाटही फार वेळ टिकत नाही. ढोलवाले दमतात, आवाज विरत जातो आणि शेवटी ती सरळ रेष येते. म्हणून मिनिटांचा हिशेब आहे. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते. छाती दाबत राहिलं तर ही घसरण ३ ते ४ टक्क्यांवर येते. नीट दाबलेल्या छातीतून नेहमीच्या पंचवीस ते तीस टक्के एवढंच रक्त फिरतं, पण शिट्टी येईपर्यंत दम टिकवायला तेवढं पुरतं.

ही गोष्ट सापडली तीही गमतीने. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन नावाचे विजेचे इंजिनिअर, डॉक्टर नव्हे, शॉकच्या मशीनवर काम करत होते. त्यांच्या हाताखालच्या निकरबॉकर या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की, प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर मशीनचं जड पॅडल नुसतं दाबून ठेवलं तरी रक्तदाब हलतो, शॉक द्यायच्याही आधी. त्यातून जेम्स ज्यूड या सर्जनच्या साथीने १९६० साली जो लेख आला, त्यात म्हटलं होतं की हे कुणीही, कुठेही सुरू करू शकतं, लागतात ते फक्त दोन हात. त्याआधी हृदय चोळायचं तर छाती फाडावी लागायची.

दोन हातांचं काम सांगते.

माणूस पडला. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही, श्वास नाही किंवा श्वास विचित्र आहे, एवढं दिसलं की बास. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या हाताला स्वतःचीच नाडी लागते, आमच्या शिकाऊ डॉक्टरांनाही लागते. ‘विचित्र श्वास’ यावर मी प्रत्येक वर्गात अडून बसते, कारण माणसं इथेच हरतात. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं बऱ्याच जणांचा जबडा उघडझाप करतो, मधूनच घोरल्यासारखा, आचके दिल्यासारखा आवाज येतो. एका कारखान्यात मी अशा माणसाचा व्हिडिओ दाखवला, तर मागून एक फिटर म्हणाला, “मॅडम, ह्यो श्वास घेतोय की! ह्याला कशाला दाबायचं?” नाही हो. पाण्याबाहेर काढलेला मासा तोंड उघडतो, तसं आहे ते. काहींना सुरुवातीला हातपाय झटकल्यासारखं होतं आणि जमलेले लोक ‘फिट आली’ म्हणून चप्पल नाहीतर कांदा शोधायला पळतात. कांदा फिटवरही चालत नाही, पण तो विषय वेगळा.

आता गुडघ्यांवर बसा. माणूस कडक जमिनीवर, पाठीवर. दिवाणावर असेल तर खाली ओढा, गादीवर दाबलं की गादीच दबते. तळहाताची टाच छातीच्या मध्यावर, मधल्या हाडाच्या खालच्या निम्म्या भागावर. त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. जोर दंडाचा नाही, कमरेवरच्या वजनाचा. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हापसा आठवा: दांडा अर्ध्यावरूनच पुन्हा खाली दाबला तर पाणी येत नाही. हृदयही छाती वर येतानाच भरतं. ताकदवान पोरं इथेच चुकतात, वर येऊच देत नाहीत. पन्नास किलोच्या अंगणवाडी सेविका त्यांच्यापेक्षा सुरेख दाबताना मी पाहिल्या आहेत.

दोन मिनिटांनी माणूस बदला. ‘मी दमलो नाही’ म्हणणाऱ्याचंही ऐकू नका, खोली कमी झालेली त्याला कळत नाही. बदलताना वेळ दवडू नका. हात थांबला की आतला दाब लगेच पडतो आणि पुन्हा उभा राहायला बरेच धक्के लागतात.

तोंडाने श्वास द्यायचा की नाही? शिकलेले असाल तर ३० वेळा दाबा, मग २ श्वास. शिकलेले नसाल किंवा नको वाटत असेल तर नुसतं दाबत राहा. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने सामान्य माणसांसाठी जी पद्धत ठरली, तिच्यात श्वास वगळलेलेच आहेत. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं ऑक्सिजन शिल्लक असतो, तो फक्त फिरवायचा असतो. बुडालेल्या माणसाचं आणि लहान मुलाचं तसं नसतं. तिथे आधी श्वासच संपलेला असतो, म्हणून श्वास द्यावेच लागतात. पंचगंगेला किंवा विहिरीवर पोहायला पोरं घेऊन जाणाऱ्यांनी तरी ते शिकून घ्यावं.

एक कोल्हापुरी अडचण सांगते. बाहेरच्यांना ती कळायची नाही. छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याला डॉक्टरी भाषेत सीपीआर म्हणतात, पण आपल्याकडे सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. वर्गात “सीपीआर माहीत आहे का?” विचारलं की उत्तर येतं, “म्हाईत हाय की, दसरा चौकाजवळ.” मी ओरडते ‘सीपीआर द्या’, लोक ऐकतात ‘सीपीआरला न्या’. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, पण माझं सगळं शिकवणं त्या दोन क्रियापदांमध्येच अडकलेलं आहे. म्हणून आता मी तो शब्दच टाकला आहे. ‘छाती दाबा’ म्हणते.

आता मशीन. एईडी तुमच्यासारख्यांसाठीच बनवलेलं असतं. झाकण उघडा किंवा बटण दाबा, ते बोलायला लागतं. दोन चिकट पॅड असतात आणि कुठे लावायचे त्याचं चित्र त्यांच्यावरच छापलेलं असतं: एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बाजूला काखेच्या खाली. एक जण पॅड लावेपर्यंत दुसऱ्याने दाबणं थांबवायचं नाही. मग मशीन म्हणतं, हात लावू नका, तपासतोय. शॉक हवा असेल तर सांगतं. ‘सगळे बाजूला’ असं ओरडा, डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवा, बटण दाबा. शॉक झाल्याक्षणी पुन्हा छातीवर हात. जाग आली का, नाडी लागते का, हे बघत थांबू नका. ताल परत आला तरी हृदयाला जोर यायला वेळ लागतो. दोन मिनिटांनी मशीन आपणहून पुन्हा तपासेल.

चुकीच्या माणसाला शॉक बसेल ही तुमची भीती सगळ्यांनाच असते. मशीन हृदयाचा आलेख वाचतं आणि शॉकने सुटणारा ताल सापडला तरच शॉक भरतं. नुसत्या चक्कर आलेल्या माणसाला पॅड लावून तुम्ही बटण दाबत बसलात तरी काही होणार नाही. तुम्ही मशीनपेक्षा जास्त चुका कराल, पण त्या वेगळ्या असतील. घामेजलेल्या छातीवर पॅड चिकटत नाहीत, म्हणून मशीनसोबत टॉवेल हवा. खेळून पडलेला माणूस घामाने निथळत असतो. केस दाट असतील तर एक रेझरही ठेवा. एका तालमीत सराव घेताना लक्षात आलं की, पैलवानाच्या अंगावर तेल आणि तांबडी माती असेल तर पॅड सरळ घसरून खाली येतात, खसखसून पुसावंच लागतं. पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर नको, थोडं बाजूला. छातीला औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर काढून टाका.

बाई पडली तर? जगभर दिसलेलं आहे की, सार्वजनिक जागी बायकांची छाती दाबायला लोक कचरतात. पॅड उघड्या त्वचेलाच लावावे लागतात, ब्लाउज कापावा लागला तर कापायचा. मंगळसूत्र काढत बसू नका, फक्त पॅडखाली येणार नाही असं सरकवा. बाकीच्या बायकांनी ओढण्या धरून आडोसा करावा. तुमच्या ग्रुपमध्ये बायका खेळत असतील तर हे आधीच, मोकळेपणाने बोलून ठेवा. ऐन वेळी कुणी बोलत नाही.

बरगडी. हो, मोडते. नीट दाबलं तर बऱ्याच जणांची मोडते, वयस्करांची जास्त. हाताखाली ‘कट्’ झालेलं कळतं आणि पोटात गोळा येतो. माझ्याही आला होता. हात जागेवर आहे का पाहायचं आणि दाबत राहायचं. बरगडी काही आठवड्यांत जुळते. कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या ९२ व्या, संमती देऊ न शकणाऱ्या माणसाच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांसाठी २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेलं कलम १३४ अ आहे. छाती दाबली म्हणून कुणी पोलिस ठाण्यात बसलाय, असं बावीस वर्षांत मी एकदाही पाहिलेलं नाही.

१०८ बद्दल. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली, म्हणजे लाखाहून जास्त माणसांमागे एक. गाडीत डॉक्टर असतो, ही आपल्या सेवेची चांगली बाजू. पण ती तीन मिनिटांत येईल ही अपेक्षा ठेवू नका. फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा म्हणजे हात मोकळे राहतील. हॉलचं नाव नको, खूण सांगा. गाडी येईपर्यंत दाबत राहा. माणूस हलला, नीट श्वास घ्यायला लागला तरच थांबा. मग त्याला कुशीवर वळवा आणि पॅड तसेच राहू द्या, कारण ताल पुन्हा मोडू शकतो.

“शाहूवाडीच्या आत, जिथे गाडी यायला पाऊण तास लागतो, तिथे काय करायचं?” असं एका शिक्षकाने विचारलं होतं. त्याला मी हेच सांगितलं: आधी दाबायला सुरुवात कर, दुसऱ्याला फोन करू दे. गाडी येणारच नाही असं कळलं तर पिकअपचा हौदा बघ, कारची सीट नको. हौद्यात माणूस सपाट झोपतो, शेजारी गुडघ्यांवर बसता येतं, दोघे आलटून पालटून दाबू शकतात. हलत्या गाडीत दाबणं वाईटच होतं, पण न दाबण्यापेक्षा बरं. कारच्या मागच्या सीटवर मांडीवर डोकं घेऊन बसलेल्याला मात्र काहीच करता येत नाही.

मशीन घ्यावं का? घ्या. लाखाच्या आगेमागे किंमत असते, पंधरा-सोळा जणांत फार नाही. घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. पॅडची मुदत किती आणि नवे किती दिवसांत मिळतात (पॅड एकदाच वापरता येतात आणि न वापरताही कालबाह्य होतात). बॅटरी किती वर्षांची. आणि सूचना हिंदीत बोलतं का, मराठीत मिळालं तर उत्तमच. मशीन स्वतःची तपासणी स्वतः करतं आणि ठीक असेल तर तसा दिवा किंवा खूण दाखवतं. ती रोज बघायची जबाबदारी एकाच्या नावावर टाका, ‘सगळे बघतील’ म्हणजे कुणीच बघत नाही. गाडीच्या डिकीत ठेवू नका, एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरी आणि पॅडचा जेल दोन्ही खराब होतात.

आणि मशीनच्या आधी सराव. एक सकाळ खेळू नका. पुतळा आणणारे प्रशिक्षक मिळतात, शहरातल्या भूलतज्ज्ञांना विचारा, आमच्यातले बरेच जण हे फुकट शिकवतात. मग एकाने कोर्टाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात पडायचं आणि दुसऱ्याने घड्याळ लावायचं: मशीन आणून पॅड लागेपर्यंत किती वेळ गेला? तीन मिनिटांच्या वर गेला तर मशीनची जागा बदलायची. मग महिन्याभराने पुन्हा, कुणालाही आधी न सांगता.

आता तुमची शेवटची ओळ. साडेसहाला तुम्ही खेळायला येता. मॅनेजर किती वाजता येतो? नऊला, दहाला? मशीन त्या कपाटात ठेवू नका. कोर्टाच्या भिंतीवर, नेटच्या खांबासमोर, छातीच्या उंचीवर, उघड्या खोक्यात लावा. कुलूप नको. चोरीला जाईल म्हणून मन मानत नसेल तर दार उघडलं की भोंगा वाजतो असं खोकं मिळतं, ते घ्या.